पन्नासावी वस्तू

हसू नका, हसायचं खातं माझ्याकडे आहे. मी कवळी बोलतेय. वरची आणि खालची मिळून एक. आमचं आपसात जावांइतकंच पटतं, म्हणजे तोंडदेखलं.

दंतवैद्याच्या टेबलावर जन्मले. माप धड जुळलं नव्हतं, तरी त्याने मला म्हाताऱ्याच्या तोंडात कोंबलं आणि म्हणाला, "होईल सवय." कुणाला, ते बोलला नाही.

म्हातारा दोर वळणारा. त्याची अख्खी आळीच दोर वळायची. दोन्ही हात पिळात गुंतले की तिसरा पेड दातांत धरायचा, ही त्यांची पिढीजात रीत. खरे दात त्यातच गेले, मग मी आले. तीस वर्षं पेड ओढून माझ्या पुढच्या दोन दातांत अशी खाच पडलीय, की दात मिटूनही शीळ घालता येते.

पुढे नायलॉन आलं आणि आळीचा धंदा बसला. म्हातारा बोलेनासा झाला. तो गप्प, म्हणून मीही गप्प. माझ्यासारखीला ही शिक्षाच. त्याची सून शिकलेली. तिने जुन्या गोदामातल्या एका खोलीत दोरवाल्यांचं संग्रहालय थाटलं. सरकारी मान्यतेला पन्नास वस्तू हव्यात, नाहीतर खोली चपलांच्या दुकानाला जाणार. हिच्याकडे एकोणपन्नास, त्यात बावीस नुसते दोर.

"मामंजी, घरात अजून काही जुनं आहे का हो?"

म्हाताऱ्याने मला काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

झालं, मी काचेच्या पेटीत. खाली पाटी: 'धंद्याची खूण पडलेली कवळी'. दुपारी म्हातारा मला न्यायला हजर.

"वस्तू बाहेर नेता येत नाही मामंजी, नियम आहे. तुम्ही नवी करून घ्या."

म्हाताऱ्याने बोटाने माझी खाच दाखवली. नवीत ती कुठून येणार? मग तो डबाच आत घेऊन आला. पेटीशेजारी स्टूल टाकून दोन्ही वेळचं तिथेच जेवायला लागला. जेवण झाल्यावर मी तोंडात असायचेच, म्हणून हळूहळू बोलायलाही लागला. पीळ कसा भरायचा, कुणाच्या आजोबांचा दोर भर विहिरीत कसा तुटला. आलेली माणसं ऐकत बसायची. बाविसाव्या दोरापर्यंत कुणी पोचतच नसे.

तपासणीचा साहेब आला तो नेमका जेवणाच्या वेळी.

"पन्नासावी वस्तू कुठाय?"

"वापरात आहे," सूनबाई म्हणाली. तोंडचं पाणी पळालं होतं बिचारीच्या.

म्हाताऱ्याने घास गिळला आणि मला पेटीत ठेवलं. धुतलं नाही, अस्सलपणाला बाधा येते.

साहेबाने चष्मा चढवला. "ही खाच कशी पडली?"

"फू फ्फे फो," म्हातारा म्हणाला.

"काय?"

मी पुन्हा तोंडात. "पेड धरून धरून, साहेब."

"बरं. पण आता वस्तू कुठे गेली?"

मी पुन्हा पेटीत.

"पेड म्हणजे काय?"

मी पुन्हा तोंडात. असं नऊ वेळा झालं. वस्तू आहे तेव्हा माहिती नाही, माहिती आहे तेव्हा वस्तू नाही, आणि साहेबाच्या तक्त्यात दोन्ही रकाने एकदम भरायचे होते. घाम मात्र त्यालाच फुटला.

"दोघांची नोंद एकत्रच घ्या ना," सूनबाई हळूच म्हणाली.

साहेबाने लिहिलं: 'क्र. ५०. कवळी, एक. सोबत म्हातारा, एक. स्थिती: दोन्ही झिजलेले, चालू.' शिक्का मारला आणि जो सुटला, तो चहालाही थांबला नाही.

खोली वाचली. पण आता म्हातारासुद्धा नोंदलेली वस्तू. रोज संध्याकाळी सूनबाईला चिठ्ठी लिहावी लागते: 'क्र. ५० झोपण्यासाठी घरी नेत आहे.' म्हातारा ती ऐटीत खिशात घालतो आणि वाटेत भेटेल त्याला वाचून दाखवतो.

आम्ही दोघंही आता डगमगायला लागलोय. एक दिवस ती चिठ्ठी लिहायची वेळ येणार नाही. मी एकटीच काचेत उरेन, मग कितीही वाकून बघा, चकार शब्द निघायचा नाही. म्हणून लवकर या. मला बघू नका, त्याला विचारा. फक्त घास गिळेपर्यंत दम धरा. तेवढा वेळ मी कामात असते.