जानकीबाईंचे ओठ

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. एका कीर्तनकार बाईची कथा सांगतो.

मी एक जुना एडिटिंगचा व्हिडिओ रेकॉर्डर आहे. भिवंडीत अय्यूबभाईंच्या दुकानात माझी उमर गेली. लग्नाच्या, उरुसाच्या कॅसेटी खूप जोडल्या. पण जीव रमायचा कीर्तनात. एका टेपवर आवाज, दुसरीवर गाणाऱ्याचं चित्र. 'माउली' म्हणताना ओठ मिटतात ना, नेमका तिथंच 'मा' बसवायचा. टेप मागंपुढं सरकवायची माझी चकती अय्यूबभाई केसभर फिरवत आणि तो 'मा' बसवत. पूर्वी ते कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. तिथल्या खडखडाटात माणसं ओठ वाचूनच बोलतात.

१९९३ साली कोन गावच्या जानकीबाईंचं काम आलं. आवाज आधीच टेपवर भरलेला होता. शूटिंगला टेपबरोबर नुसते ओठ हलवायचे. बाई म्हणाल्या, "देवासमोर मुक्यानं तोंड हलवू? मना न्हाय जमायचं." आणि त्या खरोखरच गायल्या. रंगात येऊन टेपच्या पुढं निघून गेल्या. शूटिंग पुन्हा करायचं ठरलं, पण त्याआधीच तापानं बाई गेल्या.

ओठ जुळेनात तिथं अय्यूबभाईंनी चिपळ्या वाजवणाऱ्या हातांची आणि समईची चित्रं टाकली. काम सुबक दिसत होतं. बाईंचे यजमान केसरीनाथ पाहायला आले. तीस वर्षं लूमवर काढून त्यांचे कान गेले होते.

"अय्यूब, समई माझ्या घरात पन हाय," ते म्हणाले. "तिचे ओठ कुठं हायेत?"

अय्यूबभाई नुसत्या ओठांनी बोलले, "काका, जुळत नाहीत. लोक हसतील."

"हसू दे. लोकांना कान हायेत. मी तिला अशीच ऐकत आलो."

अय्यूबभाईंनी सगळं उकललं. आठवडाभर आम्ही ओळ न् ओळ पुन्हा जोडली. जिथं जुळलं नाही तिथंही ओठ ठेवले. मग एका जागी त्यांचा हात थांबला. तिथं आवाजात फक्त झांजा होत्या, तरी बाईंचे ओठ हलत होते. कॅमेऱ्याशेजारी उभ्या नवऱ्याकडे बघून त्या काहीतरी विचारत होत्या. अय्यूबभाईंनी तेही ठेवलं.

केसरीनाथ पडद्याजवळ सरकून बसले. झांजा वाजल्या, ओठ हलले: जेवलाव का?

"जेवलो गो," ते हळूच म्हणाले.

आता मी माळ्यावर आहे. टेप वाचणारं माझं डोकं झिजलंय, धूळ बसलीय. त्याचं काही नाही. पण त्या ओठांची टेप पुन्हा एकदा फिरवावी असं फार वाटतं. मित्रांनो, घरात कुणाची जुनी टेप असेल तर पुसू नका. आणि कुठं कीर्तन रंगलेलं दिसलं, तर कोनच्या जानकीबाईंची आठवण काढा.