निघणार नाही गं

“जावयाला कधी घरात घेतलं होतंत का?” समोरच्या वकिलाने विचारलं.

आजी साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभी होती. उभा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई, या पोरसवदा वकिलाला काय भीक घालणार?

“नाही. काळ्याशी लग्न करशील तर हे घर तुला नाही, असं लेकीला सांगितलं होतं. ती गेली ती गेलीच.”

पुढे लेक आणि जावई एकाच अपघातात गेले. सहा वर्षांच्या नातीला आजीने पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या अंत्यविधीला. नाकडोळे थेट लेकीचे, रंग बापाचा. आजीने तिला कडेवर घेतलं आणि तडक घरी नेलं. वर्षभर जिवापाड जपलं. आता जावयाची बहीण, शहरात बस चालवणारी, पोरीचा ताबा मागत होती.

न्यायाधीशबाईंनी नातीला आपल्या खोलीत बोलावलं. आजी आणि आत्या भिंतीशी बसल्या.

“आजी मारते का गं?”

“नाही. आजी छान आहे. गोष्टी सांगते.”

“मग तिच्याकडेच राहायचं?”

नात घुटमळली. “आंघोळ नको वाटते.”

“का बरं?”

“मान खूप घासते. कोपरं पण. लाल होतं. मग आजीच रडते. मी सांगते तिला, आजी, निघणार नाही गं.”

आत्याने तोंडाला रुमाल लावला. ‘मुलांना मळ असतो हो,’ असं म्हणायला आजीने तोंड उघडलं. मग तिची नजर स्वतःच्या हातांवर गेली. इतक्या रोग्यांची अंगं पुसलेल्या हातांना मळ कुठला आणि कातडी कुठली, हे कळत नव्हतं थोडंच?

निकाल आत्याच्या बाजूने लागला. आजीला रविवारची भेट मिळाली.

बाहेर वारं सुटलं होतं. “रविवारी मीच आणून सोडीन हिला,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा तोरा नव्हता, आणि तेच आजीला जास्त झोंबलं.

“गार आहे गं,” म्हणत आजी नातीसमोर वाकली. कोटाचं वरचं बटण लावायला तिने हात नेला, तशी नातीने डोळे घट्ट मिटले आणि मान आत ओढून घेतली. रागाने नव्हे, सवयीने.

आजीचा हात तिथेच थांबला. मग ती गुडघ्यावर भार देत उठली आणि दोन पावलं मागे सरली.

“तू लाव,” ती आत्याला म्हणाली.