मापाचा शर्ट

मी एक जुना काळा शर्ट आहे. खरे तर ‘होतो’ म्हणायला हवे, कारण सध्या मी सुट्या तुकड्यांच्या रूपात एका मोठ्या पाकिटात आहे. मित्रांनो, घाबरू नका, मला कुणी फाडलेले नाही. काय झाले ते सांगतो. मध्येच माझी घाई झाली तर सांभाळून घ्या. गेल्या वर्षभरात स्वस्थ बसण्याची सवयच मोडली आहे.

माझा जन्म दोन बहिणींच्या शिवणखोलीत झाला. थोरली कापायची, धाकटी शिवायची. सूत आधी काळे रंगवून मग विणलेले जाड सुती कापड, इंचाला बारा टाके, आणि आतून कुठेही कापडाची कच्ची कड उघडी नाही. माझ्यावर चित्र नव्हते, अक्षर नव्हते, चमक नव्हती. त्या खोलीत दिवसाला दोनच शर्ट होत. थोरली म्हणायची, "तिसरा शिवला तर तो आपला नसतो, घाईचा असतो."

मला जिने विकत घेतले तिला घरात सगळे ‘शाई’ म्हणत. नाव आत्याने ठेवले होते, कारण ही मुलगी सदा काळ्या कपड्यांत. तिच्या कपाटात मोजून पाच कपडे होते, पाचही काळे आणि साधे.

"बाई गं, दिवे गेले तर तुला शोधायचं कसं?" आत्या विचारायची.

"हाक मारायची," शाई म्हणायची.

एकदा आत्याने तिच्यासाठी टिकल्यांचा गुलाबी टॉप आणला. शाईने तो उलटा करून आतून पाहिला आणि विचारले, "हा कुणी शिवलाय?"

"मला काय माहीत! दुकानात टांगलेला होता, आणला."

शाईने टॉप नीट घडी करून परत दिला. "राग मानू नकोस, आत्या. माझ्याआधी माझे कपडे बोलायला लागलेले मला आवडत नाहीत. आणि कुणाला उपाशी ठेवून शिवलेले तर नकोतच."

शाई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. उंच फळ्यांवरच्या बाटल्या काढताना दिवसातून शंभरदा तिचे हात वर जात. मी कधी कमरेवरून वर सरकलो नाही, खांद्याला काचलो नाही. नऊ वर्षे आम्ही दोघांनी असे काम केले. "तुझा शर्ट कुठला गं?" असे मैत्रिणी विचारत, तेव्हा मी मनातून फुलायचो.

मग माझे कोपर विरले. पाठीतून उजेड दिसू लागला. शाई दुसरा शर्ट आणायला शिवणखोलीकडे गेली, तर तिथे चष्म्यांचे दुकान होते. धाकटीची नजर अधू झाली, म्हणून दोघींनी काम थांबवले होते.

घरी आत्याने मला चिमटीत धरून पाहिले. "सुती आहे. फरशी छान पुसली जाईल."

"आत्या, हात लावू नकोस! तो मापाचा आहे."

असा मी मापाचा शर्ट झालो. शिंप्याला नमुना म्हणून द्यायचा कपडा तो मापाचा. तो अंगात घालत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. मी पिशवीत बसून गावभर हिंडू लागलो. आज या खुंटीवर, उद्या त्या गठ्ठ्याखाली. माझ्यासारखा दुसरा शर्ट मिळाला नाही तर शाई काय घालणार, ही काळजी मला पोखरायची. आणि मिळाला तर मग माझे काय, ही त्याहून जास्त.

पहिल्या शिंप्याने आठ दिवसांत नवा शर्ट दिला. शाईने तो घालून हात वर केले आणि शर्ट थेट पोटावर आला.

"बगलेत एक तुकडा होता, तो कुठे गेला?" तिने विचारले.

"ते ठिगळ ना ताई? तुमच्या जुन्या शर्टाला होतं. नव्याला कशाला ठिगळ? मी साफ करून दिलं."

मित्रांनो, ते ठिगळ नव्हते! बाही आणि अंग यांच्यामध्ये पतंगाच्या आकाराचा तो छोटा तुकडा मुद्दाम बसवलेला असतो. हात उचलायला जागा मिळते ती त्याच्यामुळे. मी खुंटीवरून ओरडत होतो, पण शर्टाचे कोण ऐकणार?

दुसरे दुकान झकपक होते. बाहेर पाटी होती, ‘कारागिरांचा सन्मान’. शाईने विचारले, "शिवतं कोण?"

"आमचीच माणसं."

"त्यांना भेटता येईल का? त्यांना काय मिळतं, किती तास बसतात, एवढंच विचारायचंय."

दुकानदार हसला. "ताई, शर्ट शिवायचाय की सोयरीक जुळवायचीय?"

शाई हसली नाही. तिने मला पिशवीत घातले आणि बाहेर पडली. त्यानंतर आणखी चार दुकाने झाली. दर वेळी मला ताणून टेपने मोजायचे, दर वेळी माझी पाठ थोडी आणखी विरायची.

शेवटी आम्ही एका मावशींकडे पोहोचलो. खिडकीपाशी त्यांचे मशीन होते आणि त्या एकट्याच काम करत होत्या. त्यांनी मला हातात घेतले आणि आधी उलटे केले. कितीतरी वेळ त्या बगलेतला तुकडा चाचपत होत्या.

"शिवणारी हुशार होती," त्या म्हणाल्या. "पण हा तुकडा तिरका कापलाय. किती तिरका ते वरून कळायचं नाही. उसवावं लागेल."

"बगलेत?"

"सगळाच. एक शिवण दुसरीत अडकलीय."

"मग परत जोडता येईल ना?"

मावशींनी मला खिडकीसमोर धरले. माझ्यातून पलीकडचे झाड दिसत होते. "खोटं कशाला बोलू, पोरी? हे कापड पुन्हा सुई सोसणार नाही."

शाई मला घरी घेऊन आली. खूप दिवसांनी तिने मला अंगात घातले. दिवसभर मला वाटत होते की ती विचार बदलेल. मी दर टाक्याला घट्ट धरून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मावशींकडे जाऊन म्हणाली, "मावशी, मी उसवते. तुम्ही फक्त दाखवा."

इंचाला बारा टाके! दुपार उलटली तरी बाही निघाली नव्हती. मावशी म्हणाल्या, "जरा भरभर चालव. तुझ्या लग्नापर्यंत तरी होऊ दे." एकेक टाका सुटत होता आणि मला भीती वाटत होती, पण शाईच्या हातातले उसवायचे पाते कापडाला कुठेही लागले नाही.

मग बाजूची शिवण उघडली आणि शाई थांबली. इतकी वर्षे दुमडीत दडलेली एक अरुंद पट्टी उजेडात आली होती. तिच्यावर ना ऊन पडले होते, ना घाम. ती इतकी काळी होती की शेजारचा मी राखाडी दिसत होतो.

"मावशी, हा असा होता?" शाईने हळूच विचारले.

"असाच होता. तुझ्याबरोबर उन्हातान्हात फिरला ना."

मलाही ते माहीत नव्हते. मला वाटायचे, मी अजून काळाच आहे.

माझे तुकडे इस्त्री करून कागदावर आखले गेले आणि मग या पाकिटात जपून ठेवले गेले. मावशींनी पंधरा दिवस मागितले, शाईने वीस दिले. नवा शर्ट घालून तिने दोन्ही हात छताकडे नेले. शर्ट जागचा हलला नाही. ती तशीच हात वर करून उभी राहिली आणि मावशी म्हणाल्या, "बास गं, पंखा लागेल."

मित्रांनो, कपडा घेताना तो आतून पाहा. कुणी शिवला ते विचारा. लोक हसतील, हसू द्या. थोडे घ्या, पण ते गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, सुटलेला टाका त्याच दिवशी घाला.

माझी धाकधूक अजून थांबलेली नाही. नवा शर्ट आज पहिल्यांदा कामाला गेला आहे. अंगाने कडक आहे, रंगाने काळाभोर आहे, आणि ऊन काय असते हे त्याला अजून ठाऊक नाही.