खडूच्या रिंगणातली किटली

मी एक जुनी पितळी किटली आहे. मित्रांनो, जवळ या, पण हात लावण्याआधी मनात काय आहे ते सांगा. कोणी चिंच आणलीय का? नाही ना? मग बसा. स्वभावच संशयी, त्याला मी तरी काय करणार!

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. कारागिराच्या हातून माझी तोटी जराशी डावीकडे कलून बसली. एका हॉटेलात मी पुष्कळ वर्षं चहा ओतला. मग एकदा फरशीवर आपटले, पोटाला हा एवढा पोचा पडला आणि मालकाने मला मोडीत दिलं. जुनं पितळ देऊन नवं स्टीलचं भांडं घ्यायचं, ती मोड. दुकानातल्या ढिगात वितळायची वाट बघत पडले होते, तेव्हा झोळी अडकवलेल्या एका माणसाने मला उचललं. ते मोतीराम गांगुर्डे सर, शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. साल एक्याण्णव असावं. दुकानदार चांगली किटली पुढे करत होता, तर सर म्हणाले, "नको, मला ही पोचेवालीच द्या."

मला लगेच शंका आली. किडकं वांगं मागून घेणारा माणूस सरळ कसा असेल?

शाळेत तर शंका वाढतच गेली. सरांनी मला टेबलावर ठेवलं, शेजारी एक वीट आणि दोन कांदे मांडले आणि प्रत्येकाभोवती खडूने रिंगण काढलं. झाली कैद! मग ते लांब उभे राहिले, एक डोळा मिटला, पेन्सिल धरलेला हात ताठ केला आणि माझ्यावर नेम धरला. मागोमाग सगळ्या वर्गाने धरला. ही मापं घ्यायची रीत आहे, हे मला फार उशिरा कळलं. चहाचं तर नावच नाही. शिपाई फडकं घेऊन आला की सर ओरडायचे, "तिला पुसू नका हो! सावल्या जातील."

सर स्वतः जलरंगात गोदाकाठ रंगवायचे. घाटावरच्या ओल्या पायऱ्या त्यांच्या हातून इतक्या खऱ्या उतरायच्या, की मुलं कागदाला बोट लावून बघायची. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या की आपलं चित्र अर्धं टाकून ते मुलांची वस्तुचित्रं तपासत बसायचे. कितीतरी घाट तसेच अर्धे राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सातपूरहून येणारी योगिनी नावाची मुलगी होती. तिने एकदा माझी तोटी सरळ काढली.

"सरळ का गं काढलीस?"

"सर, वाकडी बरी नाही दिसत."

"तिला सुधारणारे आपण कोण? आहे तशी बघ. बघितल्याशिवाय रेघ ओढू नकोस."

त्या दिवशी सरांवरचा माझा संशय निम्मा उतरला.

निवृत्त झाल्यावर सरांनी मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. मी ओळखलं, ही बाई एक दिवस मला मोडीत घालणार. दोन हजार सहाच्या थंडीत सर गेले, आणि मी माळ्यावर जीव मुठीत धरून बसले.

वर्षाने शाळेत सरांच्या आठवणीसाठी प्रदर्शन ठरलं. वत्सलाबाईंनी मला खाली काढलं, चिंच लावून खसाखसा घासलं आणि थेट तांबट आळीत नेलं. संपलं, म्हटलं. पण त्या कारागिराला म्हणाल्या, "दादा, पोचा काढून द्या. ह्यांच्या फोटोपाशी ठेवायचीय."

भिंतीवर मुलांची जुनी चित्रं लावली होती. प्रत्येक चित्रात मी, आणि प्रत्येकात पोचा. खाली मात्र मी नवरीसारखी चकचकीत. सरांचा जुना विद्यार्थी संतोष, आता पाट्या रंगवण्याचं दुकान चालवतो, तो पुढे आला.

"काकू, ही सरांची किटली नाही. तिला पोचा होता."

"मीच काढून आणला रे."

"खरी मोडीत गेली वाटतं," मागून कोणीतरी कुजबुजलं.

वत्सलाबाईंचा चेहरा पडला. "ह्यांची वस्तू मोडीत घालीन का मी?" एवढंच बोलल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. मला फार लागलं ते. जिच्यावर मी इतकी वर्षं संशय घेतला, तिच्यासाठी ओरडून साक्ष द्यावीशी वाटली. पण किटलीला कुठलं तोंड? तोटी तेवढी होती.

योगिनी आली होती. ती आता नांदगावच्या शाळेत चित्रकला शिकवते. ती पुढे झाली. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि नुसती बघत राहिली. मग एक डोळा मिटला, हात ताठ केला. कागदावर माझी तोटी डावीकडे कलून उतरली. तो कागद तिने भिंतीवरच्या जुन्या चित्राशेजारी धरला.

"संतोष, पोचा सोड. तोटी बघ."

संतोषने बघितलं. मग तो वत्सलाबाईंच्या पाया पडला. "चुकलो, काकू."

त्या माझ्या पोटावरून हात फिरवत म्हणाल्या, "मला वाटलं, चकचकीत केली तर ह्यांना बरं वाटेल." मग त्यांनीच मला उचलून योगिनीच्या हातात दिलं.

आता मी नांदगावच्या वर्गात असते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा आणि जुनी माणसंही. पण घासण्याआधी, सुधारण्याआधी, आणि माझ्यासारखा संशय घेण्याआधी जरा वेळ नीट बघा. आणि हो, टेबल पुसताना माझ्याभोवतीचं खडूचं रिंगण पुसू नका. ती कैद नव्हे. काल जिथे होते तिथेच मला उद्या ठेवता यावं, म्हणून ते काढतात. मुलांचं चित्र अजून अर्धं आहे.