गोधड्यांत दडवलेले पट्टे

पाहुणे येणार म्हणून द्वारकानं घरातले चारही पट्टे सकाळीच गोधड्यांच्या घडीत दडवले. टोकदार खिळे ठोकलेले गळपट्टे ते. बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून गावातली बायामाणसं, पोरंसोरं ते घातल्याशिवाय उसाकडं जात नाहीत. पण एक दिवस खेडं अनुभवायला येणाऱ्या पुणेकरांनी असलं काही बघितलं, तर पिठल्याला हात न लावता पळतील, अशी तिची खात्री. नवरा बबन म्हणाला, परवाच शेजारची शेळी गेलीय, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ऐकते कुठली! नऊ वर्षांची सगुणी कुरकुरत, बिनपट्ट्याचीच शनिवारच्या शाळेला गेली. वाट उसातूनच.

पाहुणे आले. द्वारका हसून वाढत होती, पण कान सगळे उसाकडं.

पाहुण्यांतल्या राजाध्यक्ष बाईंनी भाकरी थापून बघितली, बैलांसोबत फोटो काढले. जेवणं उरकली तेव्हा त्यांची धाकटी ईरा कुठं दिसेना. उसाच्या कडेला तिची एक चप्पल पडलेली. द्वारका तशीच, उघड्या मानेनं आत घुसली.

पोर दोन सऱ्या आत उकिडवी बसून मुंग्या बघत होती. बसलेलं माणूस बिबट्याला शेळीएवढंच दिसतं. पलीकडं पाचट कुरकुरलं. वारा तर नव्हताच. ओरडावं तर पोर पळेल, आणि पळणाऱ्यामागं तो हमखास येतो.

"ऊठ गं बाय, हळू," द्वारका म्हणाली. ईराला कडेवर घेऊन ती पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागं सरत बाहेर आली.

बाई हसत म्हणाल्या, "किती मोकळं वाढतात ना मुलं तुमच्याकडे."

आता मात्र द्वारकाला राहवेना. तिनं पट्टे आणून त्यांच्यापुढं टाकले आणि सगळं सांगून टाकलं. बाई पांढऱ्याफटक पडल्या. मग त्यांनी सगळ्यात लहान पट्टा उचलला.

"हा कुणाचा?"

द्वारकानं घड्याळाकडं बघितलं. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. बाईंच्या हातातला पट्टा ओढून घेत ती वाटेनं पळत सुटली. मागून राजाध्यक्ष बाई, जनावर बुजावं म्हणून ताट बडवत, अनवाणीच.

वळणावर सगुणी दिसली. दप्तर मानेवर आडवं घेऊन, दोन्ही हातांनी घट्ट धरून ताठ चालत होती.

"आई, पाहुणे गेले का?" तिनं विचारलं. "आता घालू ना पट्टा?"