हजेरीत पुकारलेले नाव

मी एक जुनी काथवट आहे, आणि मित्रांनो, मी अगदी मेटाकुटीला आले आहे.

कोरड्या नदीच्या काठी पांगाऱ्याच्या जातीचे एक झाड होते. त्याच्या खोडातून एका बाईने मला कुऱ्हाडीने कोरून काढले. तिचे नाव मी सांगणार नाही. ती आता नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या आम्हा अरेर्न्टे लोकांत गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत. त्याच नावाचे दुसरे कोणी असेल, तर त्यालाही शोक सरेपर्यंत सगळे 'क्वमंजाय' म्हणतात. इतके साधे आहे.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. माझ्यात गवताचे बी पाखडले, रानमनुके भरून आणले. बाईची मुलगी मॅग्डलिन तान्ही असताना माझ्यातच निजायची. "लाकडाची असली तरी कूस उबदार आहे हिची," असे बाई म्हणे. पुढे मॅग्डलिन गावच्या शाळेत आमची भाषा शिकवू लागली आणि तिने मला वर्गात नेले. तिथे कोणी मला होडी म्हणाले, कोणी टोपी. एका वर्षी माझ्यात खडू ठेवले. तेही मी सोसले.

पण यंदाची हजेरी सोसवेना.

हिवाळ्यात मला घडवणारी बाई गेली. त्याच सुमारास मेलबर्नहून मिस हॅलोरन आल्या. मनाने चांगल्या. त्यांनी भिंतीवर 'आदिवासी संस्कृतीचा आदर करूया' असे रंगीत अक्षरांत लावले, आणि त्याच भिंतीपुढे उभ्या राहून रोज सकाळी बाईचे नाव खणखणीत पुकारू लागल्या! कारण वर्गातल्या एका मुलीचे नाव तेच होते.

मुलगी ओ देईना. मॅग्डलिन खिडकीकडे तोंड फिरवी.

"मिस, ते नाव नका ना घेऊ," शेजारची लोरेटा म्हणाली. "तिला क्वमंजाय म्हणा."

"टोपणनावं मधल्या सुट्टीत हं, राणी."

"टोपणनाव नाहीये ते! तुम्हाला ना मिस, काही म्हणजे काही कळत नाही."

"समोर बसून ओ देत नाही, म्हणजे गैरहजर. एवढं मला कळतं."

काही दिवसांनी मुलगी खरोखरच यायची थांबली.

मग संस्कृती सप्ताह आला. मिसनी मला दोन्ही हातांनी उंच धरले. "ही घडवणाऱ्या आजींना आज आपण मान देऊया. माझ्या मागून सगळ्यांनी त्यांचं नाव म्हणा!"

मिस एकट्याच म्हणाल्या. मोठ्याने.

मॅग्डलिनने मला त्यांच्या हातातून काढून घेतले.

"उद्यापासून भाषा तुम्हीच शिकवा, मिस. मी नाही येणार."

"अगं, मी तर तुझ्या आईचा मान..."

"इतके आठवडे तुम्ही माझ्या आईला हाका मारताय. तिला जाऊ द्या ना."

मिस मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं की!" लोरेटा ओरडली. "रोज!"

मग मिसनी हळू विचारले, "नाव किती दिवस घ्यायचं नाही?"

"आम्ही सांगू तोवर."

मिसनी 'क्वमंजाय' म्हणून पाहिले. मुलांनी दया दाखवली नाही. "शी, मिस, तोंडात गरम बटाटा आहे का? पुन्हा!"

मॅग्डलिन हसली नाही. मला फळीवर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती त्या मुलीचा हात धरून दारापर्यंत आली. आत आली नाही. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ऐकत उभी राहिली.

"क्वमंजाय," मिस म्हणाल्या. उच्चार वाईटच होता.

"आहे, मिस," मुलगी म्हणाली.

मॅग्डलिनने पिशवी खुंटीला अडकवली.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका, माझ्यावर निबंधही लिहू नका. फक्त एक करा. हाक मारल्यावर कोणी ओ देत नसेल, तर आणखी मोठ्याने हाक मारू नका. शेजारच्या बाकाला विचारा. आणि विचारले, की उत्तर ऐका. मी लाकूड असून ऐकते. तुम्हाला तर चांगले दोन कान आहेत.