चहाच्या वेळेचा कठडा

"दार ओढ, ताई! पाया पडतो तुझ्या, दार ओढ!"

मुकादम माझ्या पिंजऱ्यात शिरला तो रांगतच. भुवई फाटून डोळ्यावर आलेली, ओठांचा चेंदामेंदा झालेला. मागून सळया उगारून सगळी टोळी. मी दार ओढलं. तेवढ्यात एक सळई जाळीतून आत आली आणि त्याच्या बरगडीत बसली. मी खटका दाबला, पिंजरा खाली निघाला. वरून छपरावर विटा पडायला लागल्या, धडाधड.

दार का ओढलंस, असं नंतर पुष्कळांनी मला विचारलं. अहो, पिंजऱ्यात माणूस शिरला की दार ओढायचं, हे माझ्या हाताला ठाऊक. डोक्याला विचारायला वेळ कुठे होता?

पिंजरा म्हणजे बांधकामावरची लिफ्ट. इमारतीच्या बाहेरून वरखाली जाते आणि ती मी चालवते. इमारत अशी की खाली दुकानं, त्यावर कचेऱ्या, त्यावर हॉटेल आणि पार ढगात घरं. घरं घेणाऱ्यांना आमची तोंडं दिसू नयेत म्हणून त्यांची लिफ्ट वेगळी, आतून, थंडगार. सिमेंट, काच आणि आम्ही, सगळे पिंजऱ्यातून.

माझा धाकटा भाऊ हॉटेलच्या मजल्यावर सळया बांधायचा. तिथल्या उघड्या गच्चीला तात्पुरता लोखंडी कठडा होता. चहाची वेळ झाली की सगळे कप घेऊन तिथं जायचे आणि मागे न बघता पाठ टेकायचे. दिवसभर वाकून काम करणाऱ्याची पाठ काहीतरी आधार मागतेच. धाकट्याला तर सरळ उभं राहणं माहीतच नव्हतं.

"आईनं तुला भिंतीला टेकवूनच जन्माला घातलंय," मी म्हणायची.

"आणि तुला घंटा वाजवून," तो म्हणायचा. "कुठल्या मजल्यावर कोणी दाबली रे दाबली की पळतेस!"

त्या दिवशी घरं बघायला पाहुणे आले होते. त्यांना त्या गच्चीवर फोटो काढायचे होते. फोटोत कठडा येतो म्हणून मुकादमानं तो काढायला लावला. फोटो झाले, पाहुणे आणखी वर गेले, कठडा भिंतीशी उभा राहिला तो राहिलाच. मग चहा आला. धाकटा कप घेऊन गेला, कोणाला तरी काहीतरी चावट बोलला, आणि हसत हसत मागे टेकला.

तो दुकानांच्या गच्चीवर येऊन पडला. साहेब धावत आले, त्यांनी त्याच्यावर ताडपत्री टाकवली आणि मला म्हणाले, "पाहुणे अजून वर आहेत. ते जाईपर्यंत ह्याला हलवायचं नाही. पिंजरा इथं थांबवायचा नाही. कळलं?"

माझा भाऊ, आणि ताडपत्रीखाली! उरलेल्या सिमेंटच्या पोत्यासारखा! मी एकटीनंच उचलायला गेले. नाही उचलला गेला. म्हणून त्याच्या सोबत्यांना आणायला वर गेले. मला दोन-चार हात हवे होते, आणि वर होते तेवढे सगळे हात मुकादमाच्या छाताडावर चालले होते. "अरे, आधी त्याला खाली न्या रे!" मी घसा फोडून ओरडले. ऐकतंय कोण!

आणि आता तोच मुकादम माझ्या पायाशी बसला होता. अर्ध्या वाटेत मी पिंजरा थांबवला.

"का थांबवलास, ताई?"

मी दाराला अडकवायचा लोखंडी दांडा काढला आणि त्याच्या खांद्यावर घातला. मग पाठीवर. मग लागेल तिथं. तो हात मध्ये घालायचा, मी हातावर घालायची. बोटं मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"चहाच्या आधी बसवणार होतो गं! साहेबांनी मध्येच पाहुण्यांच्या मागे पिटाळलं. विसरलो! आईशप्पथ विसरलो!"

"विसरलास?"

"मीही रोज तिथंच टेकतो ना, ताई. जरा आधी पोचलो असतो तर मीच गेलो असतो."

ते खरं होतं, म्हणून माझं डोकं आणखीच फिरलं. मी दांडा त्याच्या टाळक्यावर उगारला.

तेवढ्यात खालून ओरडा उठला. जाळीतून पाहिलं तर पिंजऱ्याच्या फाटकापाशी खालची माणसं जमली होती, फावडी, पाइप, हातोडे घेऊन. "आण त्याला, ताई! जित्ता सोडत नाही!"

नेला असता तर संपलाच असता. मी तरी काय वेगळं करत होते? पण मग सगळे त्यालाच तुडवत बसले असते, पोलीस आले असते, आणि माझा धाकटा? तो पाहुणे जायची वाट बघत तिथंच पडून राहिला असता. दांडा माझ्या हातात जड झाला.

"हात चालतो का?" मी विचारलं.

"एक चालतो."

"दुसराही चालव. ऊठ."

दुकानांच्या गच्चीवर मी पिंजरा थांबवला. साहेब अंगावर धावून आले. "सांगितलं होतं ना तुला! आत्ताच्या आत्ता कामावरून काढीन!"

"काढा. आधी बाजूला व्हा."

माझ्या हातातल्या दांड्याला रक्त होतं. साहेब बाजूला झाले.

मी ताडपत्री ओढली. तोंड बघवत नव्हतं. एका बोटात कपाचा कान तेवढा अडकून राहिला होता, कप कुठं गेला कोण जाणे. मी तो काढायला गेले, बोट सोडेना. राहू दिला. डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या तोंडाला बांधला.

"मी पाठीवर घेतो," मुकादम म्हणाला. मोडक्या बोटांनी त्यानं धाकट्याचे हात आपल्या गळ्यात ओढून घेतले. उठताना किंचाळला, पण उठला.

खाली पोचलो तेव्हा फाटकावर पाइप आपटत होते. मी दार उघडलं.

मुकादम बाहेर पडला, पार वाकलेला. धाकट्याचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलेलं. सगळ्यांत पुढे धाकट्याचा जोडीदार होता, हातोडा उगारून. मारायचा कुठं? जिथं मारावं तिथं धाकटा होता.

"मार ना!" मी ओरडले. "त्यालाही लागू दे, मार!"

हातोडा त्यानं टाकून दिला आणि ढसाढसा रडत धाकट्याला एका बाजूनं आधार दिला. माणसं मागे सरली. कोणी मुकादमावर थुंकलं, कोणी आईवरून शिवी घातली, पण हात कोणी टाकला नाही. पाहुण्यांच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. पाहुणे नुकतेच उतरून आले होते. त्यांच्या मधूनच आम्ही त्याला रस्त्यावर नेला. त्यांना बघावंच लागलं.

मागे पिंजऱ्यात घंटा वाजली. वरून कोणीतरी दाबली होती. परत वाजली, मग नुसती वाजतच राहिली. धाकट्याचा तो कपाचा कान अडकलेला हात खाली लोंबत होता. मी तो माझ्या हातात घेतला आणि त्याच्या बाजूनं चालत राहिले.